आवाज नको म्हणे!

३ नोव्हेंबर, सोमवार
लॅपटॉप मुका झालाय. गणपतीत चांगला गात होता, आता ढिम्म! रविवारी सकाळी इंटरनेट रेडिओवर माझ्या लेकीचा, सुकन्याचा पहिला कार्यक्रम आहे — आणि मी तो ऐकणारच. पोर या नोकरीसाठी पुण्याला निघाली तेव्हा हे ओट्यावरून ओरडले होते, "तिचा आवाज बी नको या घरात!" मीही त्याच दिवशी पिशवी भरून भंडारदऱ्याला भावाकडे निघून गेले. दसरा तिकडेच केला. इथे यांनी एकट्याने काय केलं, विचारलंही नाही.

स्मार्टफोन यांच्या खिशात. माझा बटणांचा. राहिला तिने मागे ठेवलेला हा लॅपटॉप.

५ नोव्हेंबर, बुधवार
राहुरीला दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "मावशी, लिनक्स हाय ह्यात. काढून विंडोज टाकू, मग वाजंल."

काही काढायचं नाही! जुन्या लॅपटॉपला झेपतं म्हणून माझ्या पोरीने टाकलंय ते. काखोटीला मारला आणि घरी यायला देवळालीची एसटी धरली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
शेजारच्या रेश्माच्या मोबाईलवरून नेट घेतलं. सुकन्या फोनवर सांगत गेली, मी लॅपटॉपवर हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एकेक इंग्रजी अक्षर बडवत गेले. चुकले, पुन्हा बडवलं. व्हिडिओही अडकत होते, ते चालू झाले! पण आवाज नाहीच. माणसं नुसती तोंडं हलवतात.

हे डोकावले. "बिघडलंय ते. टाक माळ्यावर."

तुम्हीच बसा माळ्यावर! (मनात म्हणाले. पण जोरात.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार
सेटिंगमधल्या आवाजाच्या पानावर लिहून येतंय — हेडफोन जोडलेला आहे. सुकन्या म्हणते, "आई, आधी तो हेडफोन काढ ना." अगं, या घरात हेडफोन कुणाच्या बापाने आणलाय! यंत्र धडधडीत खोटं बोलतंय.

८ नोव्हेंबर, शनिवार
रडले. रागानेच. तोंड धुऊन पुन्हा बसले.

९ नोव्हेंबर, रविवार
सकाळी हेडफोनच्या भोकात बॅटरीचा उजेड मारला. आत काहीतरी रुतलेलं! त्यालाच लॅपटॉप हेडफोन समजत होता. सुईने हळूहळू उकरलं.

तांदळाचा दाणा. कुंकवाने लालभडक. अक्षता.

दसऱ्याला मी इथे नव्हते. कोयता, पंप, ट्रॅक्टरच्या ओळीत यांनी पोरीचा लॅपटॉपसुद्धा पूजेला मांडला होता.

सुकन्या बोलायला लागली. मी आवाज पूर्ण वाढवला आणि हे बसले होते त्या ओट्याकडचं दार सताड उघडलं.