साहेब सांगतील तेवढंच

मंगळवार, ४ फेब्रुवारी

खुर्चीचं चाक पुन्हा निखळलं. दिवसभर एका अंगावर कलून टाइप केलं. कंबर बोलतेय.

आज साक्ष होती लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या एका बाईची. घरमालकाविरुद्ध. नळ बघतो म्हणून भरदुपारी आत शिरला आणि दार लावून घेतलं मेल्यानं. त्याच्या वकिलानं विचारलं, "ओरडलात का?"

ती म्हणाली, "नाही. पोरगी दोन हातांच्या अंतरावर झोपली होती, तापानं फणफणलेली. ओरडले असते तर ती उठली असती. तिनं बघितलं असतं. म्हणून स्वतःचाच हात चावला."

न्यायाधीश साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि मला सांगितलं, "मी ओरडले नाही. पुढे."

पुढे! मी टाइप केलं. मी ओरडले नाही. शॉर्टहँडच्या वहीत मात्र सगळं उतरलं होतं, पोरगी, ताप, हात. तीस वर्षांची सवय. कानावर पडेल ते बोटांतून उतरतंच.

साक्ष संपली की वाचून दाखवायची, मग सही घ्यायची, हा नियम. पण दोन वाजत आले होते, साहेबांना जेवायला जायचं होतं. मी कागद पुढं सरकवला, बोट ठेवलं — इथे सही.

तिनं विचारलं, "सगळं आलं ना त्यात?"

"आलं," म्हटलं मी.

बुधवार, ५ फेब्रुवारी

माझ्या जागी यायची नवी मुलगी आज रुजू झाली. तिला काम दाखवलं. म्हणाली, "बाई, साक्षीदार बोलतो ते सगळं नाही घ्यायचं?"

"साहेब सांगतील तेवढंच. बाकीचं या कानानं ऐकायचं, त्या कानानं सोडायचं."

मान डोलावली. हुशार आहे पोर.

शनिवार, ८ फेब्रुवारी

स्वतःचा हात चावून बघितला. डोळ्यांपुढं काजवे चमकले. तिकडं भाजी करपली.

गुरुवार, २० मार्च

सुटला. निर्दोष!

निकाल मीच टाइप केला. "फिर्यादीने आरडाओरड केली नाही, असे ती स्वतःच मान्य करते. त्याचे कोणतेही कारण तिने दिलेले नाही."

कारण दिलं नाही? कारण माझ्या पर्समधल्या वहीत होतं, एकेचाळिसाव्या पानावर! आणि मी खाली मान घालून खटखट टाइप करत होते. त्याच क्षणी उठायला हवं होतं. नाही उठले. कुणी धरून ठेवलं होतं का? नाही. नाहीच उठले.

बाहेर घरमालकाची माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. ती बाकावर बसून होती. शिपायाला विचारत होती, "म्हणजे संपलं का?" तो म्हणाला, "संपलं हो. जा आता घरी."

रात्री यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "निवृत्तीला सात महिने राहिलेत. हाताची घडी, तोंडावर बोट." मग मला चहा करून दिला. वाईट नाहीत हे.

शनिवार, २२ मार्च

फाइलमधून पत्ता घेतला आणि लॉन्ड्रीत गेले. चादरींचा हा ढीग, आणि ती एकटी. तिनं ओळखलं मला.

जाताना काय काय ठरवलं होतं बोलायचं. तोंडातून निघालं एवढंच, "तुमचं वाक्य आत गेलंच नाही. मी वाचूनही दाखवलं नाही. आणि वर 'आलं' म्हणाले."

तिनं इस्त्री थांबवली नाही. चादर पुरी केली, घडी घातली. मग म्हणाली, "मी तुमच्याकडेच बघून बोलत होते. त्या खोलीत दुसरं बाईमाणूस तुम्हीच. म्हटलं, त्या लिहितायत ना, मग झालं."

दुसरी चादर पसरली आणि म्हणाली, "पोरगी दुपारची झोपत नाही आता. मी झोपते का ते बघत बसते."

मला रडू आवरेना. तिनं ढिगातला एक इस्त्री केलेला रुमाल काढून दिला. लाज वाटली गं बाई, धरणी दुभंगावी इतकी! तिनं माझे डोळे पुसावेत!

मंगळवार, १ एप्रिल

तिच्या अपिलाच्या वकीलबाईंना वही दिली. प्रतिज्ञापत्रावर सहीही केली — काय बोलली ती, काय टाइप झालं, काय वाचलं नाही. वकीलबाईंनी एकेचाळिसावं पान दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. म्हणाल्या, "अपील या पानावर उभं राहील. पण ते लोक आधी तुम्हाला खोटं पाडायला बघतील."

यांना अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवार, १८ एप्रिल

नोटीस आली. खात्याची चौकशी, सोमवारी अकराला. साहेब जिन्यात समोरून आले. मी नमस्कार केला, त्यांनी भिंतीकडे बघितलं.

आता लपवणार काय? यांना सांगितलं. यांनी जेवण पुरं केलं. मग म्हणाले, "सोमवारी येतो मी सोबत. बाहेर बसेन."

सोमवार, २१ एप्रिल

चौकशीचे अधिकारी सांगत होते, नवी मुलगी टाइप करत होती.

"टिपणात तुमची चूक होते का कधी?"

"माणूस आहे. तीस वर्षांत झाली असेल एखादी. पण या पानावर नाही. यात तिचा शब्द न् शब्द आहे."

अधिकाऱ्यांनी मुलीला सांगितलं, "टिपण घेताना माझ्याकडून चुका होतात, हे मला मान्य आहे. पुढे."

एवढ्या एका ओळीनं वही गेली, अपील गेलं. कागद माझ्यापुढं आला. त्यावर मुलीचं बोट — इथे सही. माझंच बोट ते!

म्हटलं, "वाचून दाखव. मोठ्यानं."

अधिकारी म्हणाले, उशीर होतोय. मी पेन खाली ठेवलं.

तिनं वाचायला घेतलं. त्या ओळीशी आली आणि थांबली. अधिकाऱ्यांकडे बघितलंच नाही तिनं. कागद बाजूला सारला, वळली, आणि कुणी काही सांगायच्या आत टाइप करायला लागली — पण या पानावर नाही.