जावईबापूंचे आडवे टोमॅटो

नायगाव, खाडीकडची वाडी

चि. कल्पेशराव यांस सासरे नथू यांचे आशीर्वाद (रागात असलो तरी द्यावेच लागतात, जावई आहात). तुमची तब्येत ठणठणीत असेलच. दुसऱ्याला ताप देणाऱ्याला स्वतःला ताप येत नाही. जागृतीचा खोकला थांबला का? इकडे तुमच्या सासूबाई कृष्णाबाई बऱ्या आहेत. मी बरा नाही. रक्तदाब वाढलाय, आणि त्याचं कारण तुम्ही.

तुमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेचं काचघर दुरुस्तीला निघालं म्हणून तुम्ही टोमॅटोच्या आठ कुंड्या माझ्या ओट्यावर ठेवून गेलात. जाताना काय म्हणालात? 'मामा, फक्त पाणी घाला.' बस्स! अहो, कुत्रं सांभाळायला दिलं तरी माणूस ते चावतं का एवढं सांगून जातो. मी मेला हौशी, साऱ्या आळीला सांगत सुटलो की जावयाने नवी जात काढली, एकेका झाडाला टोपलीभर टोमॅटो लागणार. (टोपली मी माझ्या मनाने घातली.) आणि थोड्याच दिवसांत तुमची झाडं एकामागून एक आडवी! मेली नाहीत, सुकली नाहीत. हिरवीगार, आणि लग्नाच्या पंगतीनंतर पाहुणे लवंडावेत तशी कुंडीच्या काठावर लवंडलेली. शेजारचा व्हिक्टर रोज कुंपणाशी येऊन विचारायचा, 'नथू, जावयाने टोमॅटो दिलेत की काकडीचे वेल?' जन्म गेला माझा या वाडीत. खाडीच्या खारट मातीत मी वांगी उभी केली, मोगरा उभा केला, आणि मला हे ऐकून घ्यावं लागलं.

मग मी काठ्या लावल्या. झाडं बांधल्या जागेपर्यंत सरळ, पुढे पुन्हा आडवी. शेणखत घातलं, निंबोळी पेंड घातली, शिव्या घातल्या. शेवटी संतापून एक कुंडी उलटी केली (ते झाड गेलं), तर खाली मूळ कसलं, उंदराची शेपटी! एकच लांब धागा, त्याला ना फाटा ना तंतू. आता मला सांगा, दारात आलेलं पोर लंगडताना दिसलं तर माणूस बघत बसेल, की त्याच्या पायाला औषध लावेल? तुमच्या सासूबाई मागून ओरडत होत्या, 'अवो, त्यांनी नुसतं पानी सांगितलंय!' मी ऐकलं नाही. (त्यांचं ऐकायची मला सवय नाही, हे जागृतीने तुम्हाला सांगितलं असेलच.) झाडांचे शेंडे छाटले आणि राहिलेल्या खुंटांवर माझ्या वाडीतल्या टोमॅटोच्या शेंड्यांची कलमं बांधली.

कलमं जगली. ताठ उभी राहिली! पुढे एकाची माती बाजूला करून पाहतो, तर त्याच शेपटीला दाढी फुटावी तसे फाटे फुटलेले. आनंदाने तुम्हाला फोन लावला. वाटलं, जावई शाब्बास म्हणेल. तुम्ही विचारलंत, 'मामा, छाटलेले शेंडे कुठे आहेत?' म्हटलं, उकिरड्यावर. त्यावर तुम्ही जे ओरडलात ते परसात कपडे वाळत घालणाऱ्या सासूबाईंना ऐकू गेलं. म्हणे, या झाडांचं एक जनुक जन्मतःच बिघडलेलं. म्हणून ती आडवी वाढतात, म्हणून मुळांना फाटे नाहीत, आणि तेच तर तुम्हाला अभ्यासायचं होतं. म्हणे, निरोगी शेंडा बांधला की मुळं सुधारतात हे शास्त्रज्ञांना केव्हाचं ठाऊक आहे. आणि म्हणे, या जातीचं बी त्या शेंड्यांवरच धरणार होतं, ते फेकून मी तुमचं बियाणं बुडवलं! अहो, मग हे आधी सांगायला काय जीभ झडली होती? 'झाड जन्माचं अधू आहे, तसंच राहू द्या', एवढं एक वाक्य! व्हिक्टरच्या तोंडावर फेकलं असतं मी ते. वर जागृतीचा फोन, 'बाबा, तुम्हाला कशात हात घातल्याशिवाय राहवतच नाही.' माझी मुलगी! लग्नाआधी बोलली असती का असं? (बोलायची. पण हळू.)

तेव्हा यापुढे माझ्या ओट्यावर तुमची एकही कुंडी नको. तुमचं विज्ञान तुम्हाला लखलाभ, माझी वाडी मला. राग होता तिथेच ठेवून पत्र पुरं करतो.

तुमचा सासरा,
नथू

ता. क. दोन कुंड्यांना मी हात लावलेला नाही. हे सांगायच्या आत तुम्ही फोन ठेवलात. दोन्ही झाडं निवांत पडून आहेत. खोडं काठावर घासू नयेत म्हणून खाली केळीच्या खोडाचं मऊ सोपट अंथरलंय. एकाला फळ धरलंय, म्हणजे बी मिळेल. पिकेपर्यंत मीच राखण बसतो, पोपट फार झालेत.

आणखी एक ता. क. रविवारी या. वरच्या शेंड्यातून खाली मुळाला नेमकं काय पोचतं, ते तुम्ही सांगत होतात तेव्हा मी ओरडत होतो, त्यामुळे ऐकायचं राहिलं. तेव्हापासून डोक्यातून जात नाही. एक कलम न उकरता ठेवलंय, दोघं मिळून उकरू. जागृतीलाही आणा. आणि अशी दुसरी अधू रोपं तुमच्याकडे असतील तर खुशाल घेऊन या. तुमच्या सासूबाईंनी कलमाचा चाकू लपवून ठेवलाय, आणि तो मला अजून सापडलेला नाही.