अकरा नंबरच्या खोलीतील कपाट व टेबल न हलवण्याबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
इमारती व गाळे विभाग,
नगर परिषद.

विषय : खोली क्र. ११ बदलून मिळण्याचा माझा अर्ज मागे घेणे व तेथील जुने सामान जागेवर राहू देणे.

संदर्भ : १) माझा दि. ३ नोव्हेंबरचा तक्रार अर्ज. २) खोली क्र. ४ मंजूर केल्याचे व क्र. ११ मधील कपाट व टेबल सोमवारी काढणार असल्याचे आपले पत्र.

महोदय,

मी व्यवसायाने चित्रकार आहे. चित्रशाळेसाठी आपण मला तीन खोल्या दाखवल्या होत्या. पिठाच्या गिरणीवरची खोली हादरत होती, तिथे सरळ रेघ ओढणे अशक्य. दुसरीवर पत्रा, दुपारनंतर रंग डोळ्यांना खोटे दिसत. क्र. ११ ला मात्र उत्तरेची उंच खिडकी आहे आणि दहा ते चार एकसारखा उजेड. आपले लिपिक तेव्हा म्हणाले होते, "बाई, ही कोणी घेत नाही. आधीचे बुकबाइंडर इथेच खुर्चीत बसल्या बसल्या वारले. बघा बुवा." मी हसण्यावारी नेले.

२. पहिल्याच आठवड्यात चित्र टेकवायचा लाकडी घोडा खोलीच्या मध्यावर ठेवून घरी गेले, तो सकाळी खिडकीपाशी मिळाला. उजेड तिथेच उत्तम होता, हे मान्य करणे भाग आहे. खोलीत पुस्तकबांधणीच्या ताज्या खळीचा वास येई. कागदांच्या वाकड्या कडा सरळ कापलेल्या सापडत. मी कुलूप बदलले. तरी तेच. म्हणून खोली बदलून मिळावी असा संदर्भ क्र. १ चा अर्ज केला. आपल्या अभियंत्यांनी पाहणी करून "खोली सुस्थितीत, उंदीर नाहीत" असा शेरा दिला, तो बरोबरच आहे.

३. यानंतर जे घडले ते कळवण्यास संकोच वाटतो. आई इस्पितळात असताना मी तिची नऊ रेखाचित्रे काढली होती. एकातही तिचा चेहरा जमला नव्हता. डिसेंबरात एका संध्याकाळी ती सगळी फाडून टोपलीत टाकली आणि घरी गेले. सकाळी टेबलावर वही होती. फाटके तुकडे मागून पातळ कागद लावून सांधलेले, पाने शिवलेली. चित्रांवर तारखा नव्हत्या, तरी क्रम अचूक होता. पानागणिक गळ्याचे हाड अधिकाधिक वर येत गेलेले. दहावे पान कोरे. आई गेली त्या सकाळी मी आंघोळीपुरती घरी गेले होते, त्यामुळे त्या दिवसाचे चित्र नव्हतेच.

त्या दिवशी माझ्याने काम झाले नाही. भीती वाटली हे खरे, पण पळून जावेसे वाटले नाही.

४. बुकबाइंडरांची मुलगी परिचारिका आहे, तिला शोधून काढून वही दाखवली. तिने शिवण उलटसुलट पाहिली. म्हणाली, "बाबांचाच टाका आहे. गाठ आत लपवायची त्यांची सवय." मग पटकन विचारले, "बरे आहेत ना ते?" आणि पदराने तोंड झाकून घेतले. बापलेकीचे सात वर्षे बोलणे नव्हते. ते गेल्याचा निरोप मिळून ती पोहोचली तेव्हा खोलीला आपल्या विभागाचे सील लागलेले होते. ती बाहेरच्या पायरीवर बसून परत गेली.

आता ती दर शनिवारी येते. टेबलाशी बसते, कागदाच्या घड्या घालून ठेवते. ती असते तेव्हा खळीचा वास जास्त येतो. दहावे पान मी गेल्या शनिवारी तिच्यासमोर काढले. चेहरा जमला.

५. तरी विनंती की, खोली क्र. ४ अन्य गरजूस द्यावी. बुकबाइंडरांचे कपाट व टेबल हलवू नये. सदर परिचारिकेस शनिवारी प्रवेशाची लेखी परवानगी मिळावी. पूर्वीच्या भाडेकरूशी नाते या रकान्यात 'मुलगी' असे लिहावे, 'मयताची वारस' असे नको.

हा अर्ज वेळेत आपल्या टेबलावर आला नाही व सोमवारी माणसे आलीच, तर त्यांना एवढे सांगावे : आधी दार वाजवा. मी बाहेर गेलेली असले तरी वाजवा, आणि आत शिरण्यापूर्वी थोडे थांबा.

आपली विश्वासू,
(सही)
चित्रकार, खोली क्र. ११
दि. १९ जानेवारी

सोबत : परिचारिकेच्या ओळखपत्राची प्रत. वही जोडलेली नाही. ती खोलीबाहेर नेण्यास मी तयार नाही.