मोज्यातल्या राणीचं बाळंतपण

ती. अक्कास,

वैजनाथचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे आणि शनिवार पेठेतला तुझा जिना यांचं सध्या कसं जमतंय ते कळव. आम्ही वारज्याला सगळे ठीक आहोत. हे फोनवर सांगता आलं असतं असं तू म्हणशील. पण फोनवर तू बोलतेस आणि मी 'हो' म्हणतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

विषय मुंगीचा आहे. हसू नकोस.

प्रियू बाळंतपणाला आपल्याकडे आली आहे हे तुला ठाऊक आहेच. (डॉक्टरीणबाई खूश आहेत. प्रियूच्या रक्तदाबावर खूश आहेत, माझ्यावर नाहीत. मी फार प्रश्न विचारतो म्हणे.) मध्यंतरी एका संध्याकाळी पाऊस उघडल्यावर ती खाली पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होती आणि मी जरा अंतर ठेवून मागून चाललो होतो. तिला एकटीला फिरायला आवडतं, म्हणून अंतर. भिंतीच्या कडेने एक काळीभोर, लठ्ठ मुंगी चालली होती. मी पायातली चप्पल काढली, तोच प्रियू म्हणाली, "बाबा, थांबा. ही राणी आहे." आणि सात महिन्यांचं पोट सांभाळत ती खाली बसलीसुद्धा. माझा जीव वरखाली झाला तो वेगळाच.

राणी कशी ओळखायची ते तुलाही सांगून ठेवतो, तुझ्या मोरीत सापडली तर उपयोगी पडेल. साध्या मुंगळ्याची पाठ चिंचोळी असते. राणीची रुंद आणि फुगीर, कारण तिथे पंख हलवायचे स्नायू असतात. हवेत लग्न उरकून ती जमिनीवर उतरते आणि स्वतःचे पंख स्वतःच तोडून टाकते. त्यांचे खुंट पाठीवर दिसतात. नवऱ्याचं काम तिथेच संपतं आणि तो मरतो. (हा भाग ललितेने मला दोनदा वाचायला लावला. बाकी माहितीत तिला रस नव्हता.)

पण मी खडकीच्या कारखान्यात उभा जन्म तपासणी खात्यात काढला आहे. कोणी सांगितलं म्हणून माल पास करायची मला सवय नाही. राणी म्हटल्यावर डोकं मोठं असणार, असा साधा विचार करून मी दुसऱ्या दिवशी कुंडीमागून सगळ्यांत मोठ्या डोक्याची मुंगी पकडून आणली आणि तीच खरी राणी असं घरात जाहीर केलं. तिने माझा अंगठा असा फोडला की ललितेला हळद लावावी लागली. तो निघाला मुंगळ्यांतला हवालदार. (त्यांच्यात हवालदारही बायकाच असतात, हे मला अंगठा सुजल्यावर समजलं.) शेजारच्या बापूरावांनी तर माझ्यावर कडी केली. "राणी कसली, राण्या घ्या," म्हणत ते श्रीखंडाचा डबा भरून पंखवाले किडे घेऊन आले आणि आमच्या सागवानी कपाटासमोर त्यांनी तो उघडला. ती वाळवी होती. बापूरावांशी सध्या माझं बोलणं आहे, पण बेताचं.

अखेर प्रियूने त्या संध्याकाळी डबीत उचलून आणलेलीच राणी खरी ठरली. व्यवस्था सोपी असते. एक काचेची नळी घ्यायची. तळाशी पाणी, त्यावर कापसाचा घट्ट बोळा, म्हणजे ओल मिळते पण राणी बुडत नाही. मग राणी, आणि तोंडाशी दुसरा बोळा. अंधार हवा, म्हणून नळी माझ्या काळ्या मोज्यात घातली (धुतलेल्या), मोजा कपाटात ठेवला, आणि आता विसरून जायचं. खायला काही द्यायचं नाही. पहिली पोरं हिंडतीफिरती होईपर्यंत राणी पाठीतले ते पंखांचे स्नायू जिरवते, त्यावरच जगते आणि त्यावरच पिल्लांना पोसते. हे वाक्य प्रियूने कोणी न सांगता दोनदा वाचून दाखवलं. मी उगाचच चष्मा पुसला.

विसरून जायचं, हे आपल्या घरात कोणाला जमणार? "गर्भार बाईला उपाशी ठेवायचं?" असं म्हणून ललितेने डिंकाच्या लाडवाचा कण नळीत सारला. त्याला बुरशी आली. सोसायटीतल्या बायका प्रियूला बघायला यायच्या, "आता तुमची दुसरी पण दाखवा" म्हणायच्या, की निघाला मोजा बाहेर. मीही अधूनमधून पाहणी करत होतो, पण ती शास्त्रीय. राणीने अंडी घातली होती, पण एकदा पाहतो तर ती नाहीत. राणीला धक्के बसले, उजेड दिसला, की ही जागा धड नाही असं ठरवून ती स्वतःची अंडी स्वतः खाते.

प्रियू उठली, खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. अक्का, मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात तिचं गेलं तेव्हाही ती अशीच आत गेली होती. यात कोणाचीच चूक नसते असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, तरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिला एकेक कारण आणून दिलं. स्कूटरवर बसली, पपई खाल्ली, लॅपटॉप मांडीवर घेतला. (पपई तुझी. लॅपटॉप कोणाचा ते मला आठवत नाही.) ते बंद दार मला तेव्हाही बघवलं नव्हतं, आणि आताही बघवलं नाही.

सुदैवाने राणीने पुन्हा अंडी घातली आहेत. आता मोज्याला कोणीही हात लावायचा नाही असा मी नियम केला आहे आणि तो सगळे पाळतात. मी दिवसातून काही वेळा कपाट उघडून नियम पाळला जातोय ना एवढंच बघतो.

तब्येतीला जप. जिना सावकाश उतर.

तुझा धाकटा,
वैजनाथ

ता. क. : मुंगीचं निमित्त आहे हे तू कधीच ओळखलं असशील. येत्या गुरुवारी तू मुक्कामाला येणार, बरोबर धुरीची शेगडी आणि डोहाळजेवणाला पेठेतल्या दहाबारा बायका आणणार, असं ललितेकडून समजलं. अक्का, पाया पडतो, येऊ नकोस. पोरीला शांतता हवी आहे. ह्या वेळी सगळं नीट व्हायला हवं आणि मला भीती वाटते. तुला सोडून दुसऱ्या कोणाला हे मी सांगणारही नाही.

ता. क. २ : लाडू मात्र पाठव. बापूराव त्या बाजूला येणार आहेत. डबा बंद करून दे.

ता. क. ३ : आत्या, मी प्रियू. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून खाली लिहिते. तू ये. शेगडी आण, बायका नको. आणि आईच्या लाडवाचा काही दोष नाही. अंडी गेली त्या दिवशी बाबा बॅटरी मारून ती मोजत होते. हल्ली दुपारी मी आडवी झाले की माझ्या खोलीचं दारही सारखं किलकिलं होतं. मी जागी असते, पण डोळे मिटून पडून राहते. मी झोपलेली दिसले की त्यांना बरं वाटतं. तर जाताना त्यांना चार दिवस तुझ्याकडे घेऊन जा. गीझर तपासायचाय म्हण, गॅसची नळी म्हण, लगेच येतील. चार दिवसांच्या वर मात्र ठेवू नकोस. बराच वेळ दार हललं नाही तर मलाच चैन पडत नाही, आणि मग उठून बाबा काय करतायत ते मीच बघून येते.