चादरीखालची वीज

ती. दादास,

शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरच; उजवं कोपर सध्या टेकवत नाही. का, ते पुढे येईल.) तुझा रक्तदाब, वहिनींची टाच आणि लेकीची परीक्षा, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे सगळे बरे आहेत, असं लिहिलं आणि खोडलं. पैलवान बरा नाही.

पैलवान म्हणजे मी काम बघते त्या गोदामातला आमचा वायरमन. त्याची अंगकाठी पाहता हे नाव एखाद्या वैऱ्याने ठेवलं असावं. गेल्या आठवड्यात छतावर सोलर पॅनलची एक वायर बदलायची होती. खालून जोडीदाराने मेन स्विच पाडला आणि ‘बंद!’ म्हणून ओरडला. घरच्या वायरिंगमध्ये एवढं पुरतं. पण ऊन डोक्यावर होतं, आणि सूर्य काही आपल्या मेन स्विचवर चालत नाही. पॅनलपासून निघालेली वायर जिवंतच होती. शिडीवर उभ्या पैलवानाने ती धरली आणि मग तिने त्याला धरलं. मूठ उघडेना. आमच्या मिस्त्रींनी झाडूच्या लाकडी दांड्याने हात झोडपून सोडवला, तेव्हा तो शिडीवरून पडला आणि मनगटाचं हाड मोडलं. (पडल्या पडल्या म्हणाला, “वायरीने नुसतं धरलं हो, मारलं तुम्हीच.”)

आणि तू, आपल्याच कंपनीचा सुरक्षा अधिकारी, फोनवर मला काय म्हणालास? “अगं, पॅनलची वीज डीसी. डीसी म्हणजे बॅटरीची वीज. बॅटरीला कधी कुणी चिकटतं का? घाबरून घसरला असेल.” आणि ‘निष्काळजीपणे घसरला’ असं ठरवून मोकळा झालास! या निकालाने पैलवानाच्या हाताच्या उपचारांचा खर्च त्याच्याच गळ्यात पडतो आणि छतावरचं काम कायमचं जातं, हे तुला माहीत आहे. वर उपाय म्हणून काय पाठवलंस? चादरी. फुलाफुलांच्या. पॅनल झाकून काम करा म्हणे!

खरं सांगते, मी तुझ्यावर विश्वास ठेवला. लहानपणी विज्ञान तूच शिकवलंस, त्यामुळे तू चुकतोस अशी शंका आली की मला आधी स्वतःचीच शंका येते. म्हणून माणसांना विचारत फिरले. वेल्डर म्हणाला, त्याला नुसत्या गुदगुल्या होतात. स्टोअरकीपरचा अनुभव सर्वांत भयंकर. (त्याने आयुष्यात वायर धरलेली नाही.) मिस्त्री म्हणाले, “ताई, घरातली एसी वीज म्हणजे सासू, हाकलून देते. डीसी म्हणजे जावई, एकदा बसला की उठत नाही.”

मग आम्ही चादरी पसरल्या. मिस्त्रींचा मीटर चादरींआधी होता जवळजवळ तेवढाच आकडा दाखवत होता. मला वाटलं, मीटर बिघडला असेल. दादा कसा चुकेल? अशा श्रद्धेने वाकले आणि उंदरांनी कुरतडलेल्या एका वायरीला माझं कोपर लागलं. लागताना एक दणका, सुटताना दुसरा, मध्ये ऊब. (मी अतिशयोक्ती करते आहे का, हे दोनदा तपासलं. नाही.) शुद्धीवर होते, पण तुझ्या फुलांवर बसलेली होते. सगळ्यांनी सभ्यपणे खाली पाहिलं. मिस्त्रींनी तेवढं विचारलं, “ताई, घसरलात का?”

दादा, इतका संताप मला लग्नातही आला नव्हता! कार्यालयातल्या ज्या खुर्चीत सर्वांत धोकादायक गोष्ट म्हणजे पंखा, तिथून तू एका माणसाचा मोडलेला हात खोटा ठरवलास.

कळावे, लोभ असावा. (असेलच, असं आज खात्रीने लिहवत नाही.)

तुझी धाकटी

ता. क. चादरी पैलवानाच्या बायकोला दिल्या. छतासाठी रबरी हातमोजे आणि पॅनलजवळच वीज तोडणारा वेगळा स्विच पाठव.

ता. क. दुसरा : खरं काम हे. उद्याच्या चौकशी समितीत तुझा निकाल तूच मागे घे. वायर जिवंत होती, तिने त्याला धरलं, एवढं म्हण.

ता. क. तिसरा : तू फोनवर जे बोललास ते शब्दशः लिहून, माझ्या कोपरासह, तुझ्या साहेबांनाही कळवलं आहे. ही चहाडी आहे का, यावर बराच विचार केला. थोडी आहे. दोन्ही पाकिटं एकाच ड्रायव्हरच्या पिशवीत आहेत. तुझं आधी द्यायला सांगितलंय. साहेबांच्या खोलीपर्यंत दोन जिने आहेत; त्यांच्या पाकिटाआधी पोहोचून तूच सांग. धावत जा.