ढोलाचा हुकूम

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकताना मध्ये पोट येतं, तरी भाव पोचावा.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल लावतेस, की बाटली कपाटात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? दाजींचा रक्तदाब काय म्हणतो? त्यांनाही माझा नमस्कार सांग. ते ‘कोण हा?’ म्हणाले, तर नमस्कार परत पाठवू नकोस, तुझ्यापाशीच राहू दे. तुझं पत्र मिळालं. त्यात तू एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली आहेस, की ढब्बू कुठे आहे आणि कसा आहे. तर तुझा मुलगा सुखरूप आहे, दोन वेळा पोटभर जेवतोय, आणि कुणाच्याही अंगावर, त्याच्या किंवा दुसऱ्याच्या, साधा ओरखडासुद्धा उठलेला नाही. आता श्वास सोड आणि पुढचं क्रमाने वाच.

आमचा नगरपालिकेचा बँड दर सोमवारी मोठ्या बंगल्यासमोर पलटणीच्या परेडला वाजवतो, हे तुला ठाऊक आहे. दाजींना तर पाठच असेल, त्याच पलटणीत हवालदार म्हणून त्यांनी टाचा झिजवल्या, आणि ढब्बूला तिथे चिकटवला तोही त्यांनीच. परेड संपताना मी ढोलावर चार ठोके देतो. तीन जवळजवळ, मग दमभर थांबून एक मोठा. तो मोठा पडला की अख्खी पलटण उजवीकडे वळते आणि चहाला जाते. दाजी स्वतः सांगायचे, की कप्तानाचा आवाज एक वेळ वाऱ्यात जाईल, पण ढोल म्हणजे हुकूम. या वाक्याची त्यांना आठवण करून दे. माझ्या पत्राला पुढे त्याचा आधार लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या बंगल्यातल्या थोरल्या साहेबांनी निवडणूक घेतली इथपर्यंत तुमच्याकडे कळलंच असेल. मतमोजणी अर्ध्यावर आली, साहेब मागे पडायला लागले, तशी त्यांनी मोजणाऱ्यांना ‘दमला असाल’ म्हणून घरी पाठवलं आणि रेडिओवर सांगितलं, की उरलेली मतंही आपल्यालाच आहेत असं धरून चालायला कुणाची हरकत नसावी. शहराची हरकत होती. रोज दुपारी माणसं चौकात जमायला लागली. माझी स्वतःची हरकत होती की नाही, याचा मी विचार केला नव्हता. (नगरपालिकेच्या नोकराने हरकतीचा विचार सुट्टीच्या दिवशी करावा, असं आमचे बँडमास्तर म्हणतात.) तेव्हा तुला खोटं कशाला सांगू, मी क्रांतीला निघालोच नव्हतो. मी ढोलाचं पान बदलायला निघालो होतो.

ढोल दुरुस्त करणाऱ्याचं दुकान चपलांच्या बाजारामागच्या बोळात आहे. बोळ असा, की ढोल पोटावर बांधला की पुढे जाता येतं, पण वळता येत नाही. नव्या पानाचं कातडं ताणून घेतलं, पट्टा खांद्यावर टाकला, दुकानाबाहेर पाऊल ठेवलं, आणि मागून माणसं आली. दोन-चार नव्हेत, सगळा बाजार. न्हाव्याकडचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकसुद्धा गळ्यातल्या टॉवेलासकट आलं होतं. मी ओरडलो, ‘अहो, मला वळायचंय!’ माझ्या मागचा बेकरीवाला म्हणाला, ‘आता वळायचं नाही!’ बिचाऱ्याने जागा नाही म्हणून सांगितलं होतं, पण त्याच्या मागच्याला ते फार आवडलं, त्याच्या मागच्याला त्याहून आवडलं, आणि बोळाच्या तोंडाशी पोचेपर्यंत हजार गळे गरजत होते, ‘आता वळायचं नाही!’ पुढे तीच घोषणा भिंतीभिंतींवर रंगवली गेली. ती माझ्या अडचणीतून निघाली, हे इतिहास लिहिणाऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं.

चौकात गेलो तर समोर कोण? तुझी भावजय! ही बाई रोज दुपारी दाढ दाखवायला जाते म्हणून घरातून निघत होती आणि मी मनात म्हणत होतो, हिला दाढा तरी किती आहेत! ती सगळ्यांत पुढे फलक धरून उभी होती. फलक म्हणजे आमची पाहुण्यांची चादर. (तू आलीस तेव्हा जी सापडत नव्हती, तीच.) मी काही बोलणार, तोच तिने ढोलाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘आणलाच आहे तर वाजवा की! का नुसता मिरवायला बांधलाय?’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईने मला ‘वाजवा’ म्हटल्याचं मला आठवत नाही. आजवर ‘पुरे’ एवढंच ऐकलं होतं. तेव्हा मी वाजवलं.

आता गंमत अशी, की मला चालायचा ठेका एकच येतो, संथ. थोरल्या साहेबांचे गुडघे तुझ्यासारखेच आहेत, ते पलटणीसमोरून फिरणार गोगलगाईच्या चालीने, म्हणून आमच्या बँडला जलद काही वाजवायला कधी मिळालंच नाही. तरणी पोरं वैतागली, म्हणाली, ‘काका, जरा पळवा ना!’ मी पळवून बघितलं, तर माझाच श्वास माझ्यापुढे गेला. तेव्हा सगळ्यांच्या पुढे भोंगा घेऊन चाललेल्या मास्तरीणबाईंनी (शाळेत भूगोल शिकवतात, आवाज साता समुद्रापार जाईल असा) फर्मावलं, की काकांच्याच चालीने जायचं. आणि ताई, त्या चालीने काय केलं सांगू? म्हातारी माणसं घरातून उतरून सामील झाली, कारण त्यांना जमण्यासारखी ती पहिलीच क्रांती होती. बाबागाड्या आल्या. कुबड्या घेतलेला एक शिंपी आला. कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी पडलं नाही, एक काच फुटली नाही, कारण दगड मारायलासुद्धा जरा वेग लागतो. पोलीस दोन्ही बाजूंना काठ्या घेऊन उभे होते आणि आम्ही त्यांच्यासमोरून इतके सावकाश जात होतो, की त्यांना आमच्यातले अर्धे लोक ओळखू यायला लागले. एका जमादाराने तर आपल्या सासूला नमस्कार केला.

असे आम्ही पुलाशी पोचलो. पुलाच्या पलीकडे मोठा बंगला, आणि पुलाच्या तोंडाशी पलटण.

इथे मी थट्टा करत नाही. रांग आडवी उभी होती, बंदुका हातात, आणि पुढच्या ओळीत डावीकडून तिसरा आपला ढब्बू. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. लहानपणी ताप चढला की वरचा ओठ वाकडा करायचा, तसा केला होता. मला बघितलं त्याने. मीही बघितलं. मधे वीसेक पावलांचं अंतर आणि माझा ढोल. मी हबकलो, ताई. मला गोळी लागेल म्हणून नव्हे (तीही भीती होती, ढोलाचं पान काही गोळी अडवत नाही), पण हा आपला पोरगा आज काय करून बसेल आणि मग जन्मभर कसा झोपेल, या भीतीने. मास्तरीणबाईंनी हात वर केला. सगळे थांबले. कप्तान कठड्यावर चढला आणि ओरडला, ‘बंदुका रोखा!’ रोखल्या गेल्या. तुझ्या भावजयीने चादर सोडली नाही. नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला.

कप्तानाने पुढच्या हुकमासाठी छाती भरली, आणि मी डोळे मिटले. (भिऊन नव्हे. मोठ्या ठोक्याआधी जाणता ढोलवाला डोळे मिटतोच, कुणालाही विचार.) डोक्यात काहीही नव्हतं. हाताला जे पाठ होतं, ते हाताने केलं. तीन जवळजवळ. मग दमभर थांबलो, आणि उभ्या आयुष्यात दिला नाही असा एक मोठा दिला. डोळे उघडले, तर समोर पाठी! अख्खी पलटण उजवीकडे वळलेली, बंदुका खांद्यावर, डावा-उजवा, डावा-उजवा करत नदीकाठच्या रस्त्याने बराकीकडे निघालेली, दर सोमवारी चहाला जाते तशी! कठड्यावर एकटा कप्तान हातवारे करत होता. मग आमच्यातून जो आवाज उठला, तसा मी कधी ऐकला नाही. बेकरीवाल्याने माझा मुका घेतला. अर्ध्या दाढीवाल्याने दुसऱ्या बाजूने घेतला, ती दाढीची बाजू होती. मी रडलो, लपवत नाही. तुझी भावजय म्हणाली, ‘आज बरं वाजवलंत.’

त्यानंतरचं सगळं तू रेडिओवर ऐकलं असशील, फक्त एक सोडून. संध्याकाळी थोरल्या साहेबांची मोटार मागच्या फाटकातून निघाली आणि फाटकातच थांबली. आम्हाला कळेना. मग उजेड पडला, की सलामी झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही ही त्या ड्रायव्हरची वर्षानुवर्षांची सवय! साहेब आत, आम्ही बाहेर, आणि सगळं अडकलेलं. मास्तरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जाऊ दे, पाहुण्याला निरोप द्यावा. सलामी नाही दिली, परेड संपतानाचे तेच चार ठोके दिले. ड्रायव्हरने गिअर टाकला आणि साहेब गेले. आता नाट्यगृहाच्या रंगमंचावर उरलेली मतं मोजतायत. मास्तरीणबाई भोंग्यातून आकडे वाचतात आणि लोक तिकीट नसताना रांगा लावतात. वर्तमानपत्रात माझा फोटो आलाय. ढोल पुढे असल्यामुळे माझे दोन कान दिसतात, पण ओळखणारे ओळखतात.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला तेल लाव.

तुझा लाडका (हे मीच ठरवलंय),
धाकटा

ता. क. ढब्बू आमच्याकडे आहे. वर्दी इस्त्री करून पलटणीत परत देऊन आला आणि आता माझ्या विजारीत फिरतो. ती त्याच्या घोट्यांच्या बरीच वर राहते. दाजींनी भरतीच्या दिवशी त्याला बजावलं होतं, हुकूम मोडून आलास तर हा उंबरा चढायचा नाही. पोरगा तेच धरून बसलाय आणि घरी यायला तयार नाही. म्हणून हे एवढं रामायण लिहिलं, ताई. त्याने काही मोडलेलं नाही. ढोल म्हणजे हुकूम, आणि ढोल वाजला. दाजींच्याच तोंडचं वाक्य आहे, त्यांना मान्य करावंच लागेल. पाया पडतो, तेवढं दार उघडायला लाव.

आणखी ता. क. पत्र पेटीत टाकायला ढब्बूकडेच देतोय. पाहुण्यांची चादर आता नाट्यगृहात काचेआड लावणार आहेत म्हणे. तुझ्याकडे जास्तीची असेल तर पाठव.

आई, मी ढब्बू. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. मामाचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्याला दिसलं नाही. आम्ही आधी वळलो, ढोल नंतर वाजला. आदल्या दिवशीच बराकीत आमचं ठरलं होतं, की गोळीचा हुकूम आला की वळायचं आणि चालू पडायचं. हुकूम आला. मामा म्हणतो कप्तानाने नुसती छाती भरली, पण तो ‘गोळी’ म्हणाला होता. ढोल वाजला तेव्हा आम्ही चार पावलं पुढे होतो, आणि खरं सांगतो, तो ऐकून पाय नीट पडायला लागले, तोवर लटपटत होते. मामाला यातलं काही कळवू नकोस. पण बाबांना सांग, की हुकूम मला स्वच्छ ऐकू आला होता आणि तो मी मोडला. दार उघडायचं, तर हे कळून उघडू देत. शनिवारच्या गाडीने येतोय.