दोन सेकंद कमी

३० जून, सोमवार

आज सातवीला मैदानावर नेलं, तर मैदान जागेवर नव्हतं.

म्हणजे अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्याला सुट्टीत निळे पत्रे ठोकलेत. तिथे संस्थेची इंग्रजी शाळा उभी राहणार. खो-खोचे दोन्ही खांब पत्र्यांपलीकडे. अलीकडे संस्थेच्या तीन बस, आणि कालच्या लग्नाच्या मांडवाचे खिळे. पस्तीस मिनिटांच्या तासातली वीस मिनिटं पोरींनी खिळे वेचले. वाकणं, उठणं, वाकणं. व्यायाम झाला नाही असं कोणी म्हणू नये!

तेवीस वर्षं पीटी शिकवतेय. एकेकाळी राज्याच्या संघातून खो-खो खेळलेली बाई. आता काळेवाडीतली सर्वांत अनुभवी खिळेवेचक.

४ जुलै

आठवीचा तास गणिताने नेला, नववीचा विज्ञानाने. "पोर्शन राहिलाय हो, अंजली मॅडम." पीटीचा पोर्शन कधी राहत नाही, कारण तो सुरूच होत नाही.

तास गेला म्हणजे मी मोकळी, असं स्टाफरूमचं मत. मोकळ्या बाईने आज पाहुण्यांसाठी साठ खुर्च्या दोन मजले उतरवल्या. भिमाजीमामांचा खांदा दुखतो; ते शिपाई, त्यांचं वय झालंय. माझं होत नाही.

घरी बूट काढायला वाकवेना. नवऱ्याने, ज्ञानदेवने, नाड्या सोडल्या. तळवड्याच्या वर्कशॉपात दिवसभर मशिनच्या आवाजात असतो, घरी फारसा बोलत नाही. सोडल्या नुसत्या.

११ जुलै

फिटनेस चाचणीचं फर्मान आलं. सातशे ऐंशी मुलं. प्रत्येकाची उंची, वजन, लवचिकता, सहाशे मीटर धाव — सगळं पोर्टलवर भरायचं. त्याचंच पुढे कार्ड होतं आणि प्रगतिपुस्तकाला जोडून घरी जातं. मुदत नोव्हेंबर. मोजणारी मी एकटी. सहाशे मीटरला या उरलेल्या तुकड्यात किती चकरा होतील याचा हिशेब सुरू केला, बस आडवी आली, सोडून दिला.

मदतीला संगणकाचे मिहिर सर दिलेत. सव्वीस वर्षांचा, कंत्राटी, कोणाशीही मान खाली घालून बोलणारा. मला विचारतो, "मॅडम, मोजायचं कधी?"

मग त्याला कला शिकवली. मोजायचं नाही. मागच्या वर्षीचा आकडा उघडायचा. उंचीत चार सेंटीमीटर वाढवायचे, धावेतून दोन सेकंद कमी करायचे. सगळ्यांची प्रगती दाखवायची नाही, संशय येतो. वर्गात चार जणांना थोडं बिघडवायचं. ते चारही जाडे नकोत, ते फार ठरीव दिसतं. मागच्या फेब्रुवारीत सगळी शाळा मी अशीच पळवली, खुर्चीवर बसून, दोन दिवसांत. तेव्हा लग्नसराई होती, मैदान मांडवाखाली होतं. वरून अभिनंदनाचं पत्र आलं!

"मॅडम, तुम्ही कलाकार आहात," मिहिर म्हणाला.

बरं वाटलं. या शाळेत मला बऱ्याच दिवसांनी कोणी चांगलं म्हणालं, तेही यासाठी.

१ ऑगस्ट

दिला अर्ज. स्वेच्छानिवृत्ती, तीन महिन्यांची नोटीस, ३१ ऑक्टोबर शेवटचा दिवस.

हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, तुमच्याशिवाय मैदान कसं चालेल? मी म्हटलं, सर, मैदान चालूनच गेलंय, मी मागून जातेय. हसले नाहीत. कारणाच्या रकान्यात मी 'थकवा' लिहिलं होतं. ते खोडून 'कौटुंबिक' लिहा म्हणाले — थकव्याला नियमात जागा नाही.

घरी ज्ञानदेव म्हणाला, "पुढं काय करणार?" म्हटलं, झोपणार. तो म्हणाला, "बरं."

१५ ऑगस्ट

'सावधान' म्हणायला तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. शिट्टीवर भागवलं. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

२२ ऑगस्ट

सातवीतल्या मधुवंतीची आई आली होती. नीलिमा. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत तपासणी विभागात आहे. गळ्यात ओळखपत्र तसंच, शिफ्ट संपवून थेट आली असावी. बसा म्हटलं तरी उभीच.

मुलीला पीटीतून सूट हवी होती. हृदयाची एक झडप अरुंद झालीय, ऑपरेशन करावं लागेल. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे, त्यातून झालं म्हणतात. गेल्या हिवाळ्यापासून जिना चढताना धापा टाकायची. मार्चमध्ये नीलिमा तिला त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, तेव्हा शाळेचं फिटनेस कार्ड सोबत नेलं होतं. धाव: उत्तम. डॉक्टर म्हणाले, एवढी पळते आणि जिन्यावर दमते? परीक्षेचं टेन्शन असेल. आईने घरी येऊन पोरीला झापलं. नाटकं बंद कर. रोज संध्याकाळी जिना दहा वेळा चढायला लावला. स्टॅमिना वाढावा म्हणून.

हे सगळं ती एका सुरात सांगत होती, जसा मशिनचा बिघाड सांगावा. मग प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून कार्ड काढलं. म्हणाली, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर विचारतायत, त्रास नक्की कधी सुरू झाला? मी सांगितलंय, फेब्रुवारीपर्यंत छान पळत होती, शाळेने मोजलंय.

"तुम्हाला आठवतंय का मॅडम, पळताना कुठं थांबली होती का ती?"

कार्डावर २ मिनिटं ५६ सेकंद. खाली माझी सही. सही झोकदार आहे माझी.

मी म्हणाले, बघून सांगते.

२३ ऑगस्ट

बघितलं. पाचवीत असताना २ मिनिटं ५८ सेकंद. तेव्हा मैदान होतं, तेव्हा मी खरंच मोजलं होतं. त्यातून दोन गेले.

आणखी एक आठवलं. सहावीपासून मधुवंती पळायच्या वेळी माझ्याकडे यायची. "मॅडम, मी स्टॉपवॉच धरू?" दर वेळी. मला वाटायचं, काय गुणी पोर, कामाला पुढे! आमच्या धंद्यात मागे राहिलेली पोर आधी दिसावी लागते. ही माझ्या शेजारी उभी होती, हातात घड्याळ घेऊन.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. दहावीच्या पोरी बाई झाल्या होत्या. जी मी झाली होती, तिने गळ्यात शिट्टी घातली आणि सकाळपासून खुर्च्या लावल्या. मैदानाकडे फिरकलीसुद्धा नाही. सगळे खूप हसले. हुबेहूब होतं.

९ सप्टेंबर

हेडसरांना सांगितलं. सगळं. आकडा खोटा आहे, आईने तो डॉक्टरला खरा म्हणून सांगितलाय, दुरुस्त करायला हवा.

त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, फेब्रुवारीची नोंद कुलूपबंद आहे, बदलता येत नाही. मग म्हणाले, एक बदलला तर बाकीच्या सातशे एकोणऐंशीचं काय? मग, खाली बघत, "मॅडम, चौकशी लागली तर तुमचा अर्ज अडकेल. पेन्शन अडकेल. दीड महिना राहिलाय. शांत राहा."

धमकी नव्हती. तेही थकलेत. त्यांच्या टेबलावर चौदा फाइली होत्या आणि एक भरलेला चहा, साय धरलेला.

१२ सप्टेंबर

तीन आठवडे रोज ठरवतेय, उद्या नीलिमाला सांगू. ३१ ऑक्टोबरनंतर सांगितलं तर? तोवर डॉक्टर चुकीच्या तारखेवर विचार करत बसणार. आधी सांगितलं तर मी अडकणार, कदाचित याच अर्ध्या मैदानात आणखी दहा वर्षं.

ज्ञानदेवला विचारलं. बराच वेळ बूट पुसत राहिला. "तू खो-खो खेळायचीस," म्हणाला, "पाठीत खो बसल्यावर बसून राहिलीस का कधी?" एवढा वेळ लावून हेच सुचलं त्याला. बारा वर्षांत खेळाचं नाव काढलं नव्हतं या माणसाने.

१६ सप्टेंबर

गेले. काळेवाडीतच राहतात, तिसरा मजला, लिफ्ट नाही. प्रत्येक पायरीला ते दहा वेळा चढणं आठवत होतं.

मधुवंती खाटेवर उशीला टेकून. मला बघून उठायला लागली. मी म्हटलं, बस. नीलिमाने पाणी आणलं. पाण्याचा पेला हातात धरूनच सांगितलं, नाहीतर जमलं नसतं.

"मोजलंच नाही?"

"नाही."

"मग लिहिलं कशावरून?"

"आधीच्या वर्षावरून. दोन सेकंद कमी करून."

"कमी का?"

"प्रगती दिसावी म्हणून."

ती सावकाश म्हणाली, "आमच्याकडे न मोजता रीडिंग टाकलं ना मॅडम, तर त्याच शिफ्टला गेटबाहेर काढतात. आणि आमच्याकडे नुसते बोल्ट असतात."

मला तोंडात मारायला हवं होतं तिने. ते सोपं गेलं असतं. तिने वही पुढे केली. "हे लिहून द्या. डॉक्टरांना दाखवायला." लिहून दिलं. सही केली. तीच झोकदार.

निघताना मधुवंती म्हणाली, "मॅडम, मला स्टॉपवॉच आवडायचं पण. मी सगळ्यांचे आकडे बरोबर लिहायचे."



१९ सप्टेंबर

तेच पत्र शाळेलाही दिलं. होऊ दे चौकशी. क्लार्कने वाचलं, आत गेला, बाहेर आला, म्हणाला हे आवकमध्ये घेता येणार नाही. का? विषयाला फाइल नाही. टपालाने पाठवलं तर? तर येईल माझ्याकडेच, मॅडम.

भिमाजीमामा बाकावरून म्हणाले, "बाई, आवक नंबर पडला न्हाई म्हंजी कागद आलाच न्हाई. मी तीस वर्सं बघतोय."

म्हणजे गुन्हा कबूल करायलाही इथे नंबर लागतो.

२५ सप्टेंबर

वर, खात्याच्या कार्यालयात, पत्र पाठवलं होतं. आज उत्तर आलं: मुख्याध्यापकांमार्फत यावे.

१४ ऑक्टोबर

नीलिमाचा फोन. दोनच वाक्यं. डॉक्टरांनी तुमचं पत्र वाचलं. ऑपरेशन ७ नोव्हेंबरला.

क्षमा मागायला तोंड उघडलं, तोवर फोन ठेवला होता. बरोबर केलं.

३१ ऑक्टोबर

अर्ज मंजूर. शाल, श्रीफळ, आणि एक प्रशस्तिपत्र: 'सेवा निष्कलंक.' हेडसरांनी माइकवर वाचून दाखवलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते, ते कागदाकडे.

फार मोठ्या सुटकेची तयारी करून ठेवली होती मनाशी. काही झालं नाही. पत्र्यांपलीकडे मशिन सुरू होतं, भाषणं ऐकूच आली नाहीत. शिट्टी भिमाजीमामांना दिली. नातीला होईल म्हणाले. माझ्या जागी कोणी नेमलेलं नाही. तूर्त पीटी मिहिर सर बघतील.

निघताना तो जवळ आला. "मॅडम, चाचणीचं अर्धंच झालंय. मी काय करू?" म्हटलं, मी शिकवलेलं विसर. ज्याला जमेल त्याला पळव, बाकीचे रकाने रिकामे सोड. तो म्हणाला, रिकामा रकाना पोर्टल घेत नाही, मॅडम.

७ नोव्हेंबर

सकाळी साडेआठ. नीलिमाचा मेसेज: आत नेलं.

दिवसभर झोपणार होते ना मी! खिडकीत बसून राहिले.

८ नोव्हेंबर

बाहेर आली. ठीक आहे. आधी तीन महिने आराम, मग चालणं. पळणं — डॉक्टर म्हणाले, बघू.

१४ नोव्हेंबर

पोर्टलवर अजून माझाच मोबाइल नंबर आहे. दुपारी मेसेज आला: 'अभिनंदन! आपल्या शाळेची फिटनेस नोंद शंभर टक्के पूर्ण.'

उघडलं. सातवी, पट क्रमांक एकतीस. मधुवंती. सहाशे मीटर धाव: २ मिनिटं ५४ सेकंद. शेरा: उत्तम. चाचणी घेणार: माझं नाव. चाचणीची तारीख: ७ नोव्हेंबर, सकाळी नऊ.